हात हलायच्या आधी मेंदूत काय घडतं

ओट्यावर एक स्टीलचा पेला पालथा ठेवा. आता तो उचला, सुलटा करा आणि त्यात पाणी ओता. हात पेल्यापाशी पोचतो त्या क्षणी त्याच्याकडे नीट बघा. बहुतेकांचा अंगठा खाली आणि करंगळी वर गेलेली असते. मनगट पिळलेलं, पकड अवघडलेली. पेला सुलटा झाला की मात्र तेच मनगट सरळ होतं आणि पाणी ओतताना हाताला काही त्रास पडत नाही. तोच पालथा पेला नुसता बाजूला सरकवायचा असेल, तर हात सरळच जातो, अंगठा वर ठेवून.

डेव्हिड रोझेनबॉम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एका हॉटेलात वेटरला पालथे ग्लास असेच उचलताना पाहिलं आणि त्यावरून पुढे कितीतरी प्रयोग केले. त्यांतून दिसलं ते असं: हात निघताना कसा वळेल, हे तो कुठे आणि कसा थांबायचा आहे यावरून ठरतं. म्हणजे बोटं पेल्याला लागायच्या आधीच शेवट कुठेतरी ठरलेला असतो.

मी मिरजेत फिजिओथेरपी करते. जत, तासगाव, कवठेमहांकाळ, पलीकडे अथणीपासून माणसं मिरजेला उपचारांना येतात. त्यांत अंगावरून वारं गेलेले, म्हणजे अर्धांगवायू झालेले रुग्ण पुष्कळ. त्यांच्या घरच्यांच्या डोक्यात एक चित्र पक्कं बसलेलं असतं: मेंदू हुकूम सोडतो, हात तो पाळतो, हात पाळत नसेल तर त्याच्यात ताकद भरली पाहिजे. मग तेल लावून चोळणं चालतं, रबरी चेंडू आणला जातो, आणि खाटेभोवती उभं राहून ‘लावा ताकद, लावा ताकद’ चालतं. या सगळ्यामागची माया मला दिसते. पण ते चित्र अर्धवट आहे आणि त्या अर्धवटपणाची किंमत रुग्णाचा हात मोजतो. म्हणून मेंदू हालचाल कशी जुळवतो ते सविस्तर सांगते.

एका कानावरून डोक्याच्या माथ्यावर आणि तिथून दुसऱ्या कानापर्यंत बोट फिरवा. हाडाच्या खाली, साधारण याच रेषेत, मेंदूच्या प्रत्येक अर्ध्या भागावर एक खोल घळ आहे. घळीच्या मागच्या काठावर स्पर्शाची जाणीव पोचते. पुढच्या काठावरची, हालचालीचे हुकूम खाली पाठवणारी पट्टी म्हणजे मुख्य मोटर कॉर्टेक्स. तिची जाडी तीन-चार मिलिमीटर. तिच्या आतल्या एका थरात बेट्झ पेशी नावाच्या फार मोठ्या चेतापेशी आहेत. व्लादिमिर बेट्झ यांनी त्या १८७४ मध्ये वर्णन केल्या. पायाला चालवणाऱ्या अशा एका पेशीचा धागा डोक्यातून निघून थेट कमरेच्या पातळीपर्यंत मज्जारज्जूतून उतरतो. असे प्रत्येक बाजूला सुमारे दहा लाख धागे खाली जातात आणि त्यांतले बहुतेक मानेच्या वर, मेंदू संपतो तिथे, बाजू बदलतात. म्हणून डाव्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली की उजवा हात पडतो.

या दहा लाखांपैकी मुख्य मोटर कॉर्टेक्समधून निघणारे धागे साधारण तिसरा हिस्सा, फार तर त्याहून थोडे अधिक. बाकीचे तिच्या पुढच्या नियोजनाच्या भागांतून आणि घळीपलीकडच्या स्पर्शाच्या भागातूनही येतात. शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत एकच पट्टी रंगवलेली असते, त्यामुळे ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते.

हुकमाचं चित्र आलं कुठून, तेही बघण्यासारखं आहे. १८७० पर्यंत बहुतेक शास्त्रज्ञ मानत की मेंदूच्या पृष्ठभागाला विजेने चेतवलं तरी काही होत नाही. त्या वर्षी बर्लिनमध्ये गुस्ताव्ह फ्रिट्श आणि एडुआर्ड हिट्झिग या दोघांनी हिट्झिग यांच्या राहत्या घरी कुत्र्यांवर प्रयोग केले. मेंदूच्या पुढच्या भागात ठराविक जागी बारीक विद्युतप्रवाह दिला की उलट बाजूचा पाय हलायचा. जागा थोडी बदलली की वेगळा स्नायू. लंडनमध्ये ह्युलिंग्ज जॅक्सन यांनी फिट येणाऱ्या रुग्णांना नुसतं निरखून हाच अंदाज आधी बांधला होता: काहींची फिट अंगठ्यातून सुरू होते, मग मनगट, कोपर, खांदा असा क्रम धरते. म्हणजे मेंदूत या अवयवांच्या जागा शेजारी शेजारी असल्या पाहिजेत.

पुढे मॉन्ट्रियलच्या वाइल्डर पेनफिल्ड यांनी माणसाच्या मेंदूवर हा नकाशा काढला. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. म्हणून कवटीची कातडी तेवढी बधिर करून, रुग्ण जागा असतानाच ते शस्त्रक्रिया करत आणि एकेक जागा चेतवून काय हलतं ते टिपून ठेवत. १९३७ मध्ये त्यांनी आणि एडविन बोल्ड्री यांनी ते प्रसिद्ध केलं. त्या नकाशात पाठ-पोटाला चिमूटभर जागा आणि हात, ओठ, जीभ यांना ऐसपैस. अवयव केवढा यापेक्षा त्याच्याकडून किती बारीक काम घ्यायचं, यावर जागा ठरलेली.

पेनफिल्ड यांच्या नोंदींतली एक गोष्ट मात्र नकाशाइतकी सांगितली जात नाही. हात हलल्यावर रुग्ण म्हणत, हे मी केलं नाही, तुम्ही केलंत. हात त्यांचाच, स्नायू त्यांचेच, शेवटचा हुकूमही त्यांच्याच मेंदूतून गेलेला. तरी ती हालचाल त्यांची नव्हती, कारण तिच्या मागे काही करायचं ठरलेलं नव्हतं. माझ्या मते हा सगळा विषय समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही.

त्यानंतर नकाशाही बदलत गेला. २००२ मध्ये प्रिन्स्टनला मायकेल ग्रॅझियानो आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या या भागाला क्षणभराच्या झटक्याऐवजी सलग अर्धा सेकंद चेतवलं. तेव्हा एखादा सुटा स्नायू न फडफडता पूर्ण कृती दिसली: एका जागी चेतवलं की मूठ वळे, हात तोंडाकडे जाई आणि तोंड उघडे. २०२३ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी माणसांच्या मेंदूच्या बारकाईने काढलेल्या प्रतिमांवरून दाखवलं, की पाय, हात आणि तोंड यांच्या जागांच्या मधेमधे या पट्टीत असे पट्टे आहेत ज्यांचा एका अवयवाशी संबंध नाही. त्यांची जोडणी मेंदूच्या हेतू आणि नियोजन सांभाळणाऱ्या जाळ्याशी आहे. ज्या पट्टीला आपण शंभर-दीडशे वर्षं नुसती हुकूम पोचवणारी समजत होतो, तिच्याच अंगात नियोजन विणलेलं निघालं.

आता तयारीकडे येऊ. १९६५ मध्ये जर्मनीत कॉर्नहुबर आणि डीके यांनी लोकांच्या डोक्याला तारा लावून त्यांना मनाला येईल तेव्हा बोट हलवायला सांगितलं. बोट हलायच्या एक सेकंद किंवा त्याहूनही आधी माथ्यावरच्या तारांत विजेची पातळी हळूहळू सरकू लागायची. माथ्याच्या आतल्या बाजूला, मोटर पट्टीच्या पुढे, जो भाग आहे त्याचा यात मोठा वाटा. नुसती हालचाल मनात करून पाहिली, बोट जागचं हललं नाही, तरी तो भाग कामाला लागतो.

माकडांवरच्या प्रयोगांनी हे आणखी उकललं. माकडाला आधी पडद्यावर दाखवायचं की हात कुठे न्यायचा आहे. मग थांबायला लावायचं. मग खूण करायची. मधल्या थांबण्यात स्नायू शांत असतात, पण मोटर आणि त्याच्या पुढच्या भागातल्या पेशी जोरात चाललेल्या असतात, आणि उजवीकडे जायचं असेल तर वेगळ्या, डावीकडे तर वेगळ्या. तयारी नीट जमलेली असेल तर खूण मिळताच हात लवकर सुटतो.

इथे एक कोडं उभं राहतं. ज्या पेशी मज्जारज्जूला हुकूम पाठवतात त्यांतल्याच बऱ्याच तयारीतही भाग घेतात. मग तयारी चालू असताना हात हलून कसा जात नाही? कित्येक वर्षं समज होता की कुठेतरी फाटक असावं, किंवा तयारीचा आवाज इतका हळू असावा की खाली ऐकू जात नाही. २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या कृष्णा शेणॉय यांच्या प्रयोगशाळेतून मॅथ्यू कॉफमन, मार्क चर्चलँड आणि सहकाऱ्यांनी वेगळं उत्तर दिलं. सांगलीच्या मार्केट यार्डात अडत्याकडच्या जुन्या तराजूची कल्पना करा. दोन्ही पारड्यांत सारखं वजन चढवत गेलं तर तराजूवरचा भार वाढत जातो, पण काटा जागचा हलत नाही. तयारीच्या वेळी काही पेशींचा जोर चढतो, काहींचा उतरतो, आणि तो अशा बेताने की मज्जारज्जूपर्यंत पोचणारी बेरीज तेवढीच राहते. हात जागेवर. खूण मिळाली की हा समतोल मोडतो आणि मग तीच मंडळी हाताला हलवतात.

हे वाचल्यावर माझी रुग्णांकडे बघायची नजर बदलली. स्वस्थ पडलेल्या हातामागे मेंदूही स्वस्थच असेल, असं मानायचं काही कारण उरत नाही.

एकेका पेशीला विचारून मात्र काही कळत नाही. १९८० च्या दशकात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अपोस्टोलोस जॉर्जोपोलस यांनी दाखवलं की मोटर कॉर्टेक्समधली प्रत्येक पेशी एका दिशेला सर्वांत जास्त प्रतिसाद देते, आजूबाजूच्या दिशांनाही थोडाफार देते. एकटी पेशी त्यामुळे मोघम बोलते. पण शेकडो पेशींचं म्हणणं त्यांच्या त्यांच्या जोरानुसार एकत्र केलं, की हात कुठल्या दिशेला जाणार ते बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं.

यातूनच ज्यांचं शरीर हलत नाही अशांसाठी वाट निघाली. २००४ मध्ये अमेरिकेत मॅथ्यू नेगल या तरुणाच्या मोटर कॉर्टेक्समध्ये छोटी विद्युत-पट्टी बसवली गेली. मानेवरच्या चाकूच्या वाराने त्याचा मज्जारज्जू तुटला होता. त्याने नुसता हात हलवायचा विचार करून संगणकाच्या पडद्यावरचा बाण चालवला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, त्याच्या जवळपास पंधरा वर्षं आधी मेंदूच्या झटक्याने मानेखाली लुळ्या झालेल्या एका बाईंनी यंत्राच्या हाताने कॉफीची बाटली उचलून तोंडाजवळ आणली आणि नळीने कॉफी प्यायली. २०२१ मध्ये तर शेणॉय यांच्याच गटासोबत काम करणाऱ्या संशोधकांनी, हात लुळा असलेल्या एका माणसाला पेन धरून अक्षरं गिरवण्याची कल्पना करायला सांगितली आणि त्याच्या पेशींवरून मिनिटाला नव्वद अक्षरं वाचून दाखवली. हात सरळ रेषेत एखाद्या बिंदूकडे नेण्याच्या कल्पनेपेक्षा अक्षरांची वळणं ओळखायला सोपी गेली, कारण प्रत्येक अक्षराचं वळण निराळं. हात वर्षानुवर्षं हललेला नाही, तरी अक्षर कसं काढायचं ते त्या पेशींत शाबूत होतं.

नियोजन म्हणजे प्रत्येक स्नायूसाठी आधी लिहून ठेवलेली यादी, असाही समज होऊ शकतो. तसं नसावं असं मला वाटतं, आणि त्याचा पुरावा आमच्या मिरजेतच बघायला मिळतो. सतारमेकर गल्लीत तानपुऱ्याची जवारी काढताना एखाद्या जुन्या कारागिराजवळ थोडा वेळ बसा. मांडीवर तानपुरा, हातात बारीक कानस. तार जिच्यावरून जाते त्या घोडीच्या माथ्यावर तो कानशीचे दोन-तीन हलके हात मारतो, तार छेडतो, कान देतो, तारेखालचा सुती दोरा केसभर पुढे-मागे करतो, पुन्हा कानस. घोडीच्या माथ्याचा बाक नखाएवढाही जास्त उतरून चालत नाही, नाहीतर तारेचा तो भरलेला, रुंजी घालणारा नाद हरवतो. आता त्याच्या कोपराकडे बघा. कानस एकदा फिरते तेव्हा कोपर थोडं बाहेर, पुढच्या वेळी आत. कधी खांदा जास्त, कधी मनगट. कानशीचं टोक मात्र घोडीवर हवं तिथेच उतरतं.

मॉस्कोत १९२० च्या दशकात निकोलाय बर्नस्टाइन यांनी हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांच्या सांध्यांवर छोटे दिवे बांधून त्यांच्या हालचाली टिपल्या. त्यांना हेच दिसलं. दर घावाला सांध्यांचा मार्ग वेगळा, पण हातोड्याचं टोक जवळपास त्याच जागी. मेंदू सांध्यांना मोकळीक देतो आणि परिणाम धरून ठेवतो. एका सांध्याची चूक दुसरा सांधा भरून काढतो. नवशिक्याचा हात ताठरलेला असतो, कारण त्याला ही मोकळीक अजून परवडत नाही. म्हणून ‘हात ढिला सोड’ हे उस्तादाचं सांगणं पहिल्या दिवशी कुणालाच जमत नाही.

योजना चालू असताना ती सुधारायची तर बातमी वेळेवर यायला हवी, आणि अडचण तिथेच आहे. हाताची, डोळ्याची बातमी मेंदूला नेहमी उशिरा कळते. ऑक्सफर्डच्या पीटर मॅक्लिऑड यांनी १९८७ मध्ये कसलेल्या फलंदाजांना अशा मॅटवर खेळवलं जिच्याखाली काड्या लपवल्या होत्या, त्यामुळे टप्प्यानंतर चेंडू अचानक वळायचा. टप्पा पडल्यापासून साधारण दोनशे मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा, उलटेपर्यंत त्यांच्यापैकी कुणालाही बॅटचा मार्ग बदलता येत नव्हता. आमच्या सांगलीत क्रिकेट शिकलेल्या स्मृती मानधनासमोर ताशी १२० किलोमीटरने चेंडू आला, तर तो हातातून सुटून बॅटपर्यंत पोचायला जेमतेम अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. त्यातला शेवटचा पाचवा हिस्सा सेकंद सुधारणेला बंद. तिची बॅट जाते ती चेंडू जिथे असेल असं मेंदूने ताडलेलं असतं तिथे.

ताडण्याचं हे काम मोठ्या प्रमाणात लहान मेंदू करतो, डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर. हुकूम खाली जाताना त्याची एक नक्कल मेंदूतच ठेवली जाते, आणि तिच्यावरून ‘आता काय जाणवायला हवं’ ते आधीच काढलं जातं. घरी करून बघा. डावा तळहात पुढे करून त्यावर भरलेला तांब्या ठेवा. कुणाला तरी तो झटकन उचलायला सांगा. रिकामा तळहात वर उसळेल. मग तोच तांब्या स्वतःच्या उजव्या हाताने उचला. तळहात बहुतेक जागेवरच राहील, कारण भार जाणार हे डाव्या हाताला उजवा निघण्याआधीच कळलेलं असतं. उभं राहून हात पुढे उचलतानाही पोटऱ्या-मांड्यांचे स्नायू हाताच्या आधी आवळतात, नाहीतर आपण पुढे कलंडलो असतो. आपण स्वतःला गुदगुल्या करू शकत नाही त्याचंही कारण हीच नक्कल.

मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँगलियाचा उल्लेख इथे करायलाच हवा, कारण कुठली योजना आता सुरू करायची हे ठरवण्यात त्यांचा हात असतो. पार्किन्सनमध्ये ते बिघडतं. पायात ताकद असूनही माणूस दारात खिळून राहतो. जमिनीवर आडव्या पट्ट्या आखल्या की त्या ओलांडत तोच माणूस चालू लागतो. यावर कधीतरी वेगळं लिहावं लागेल.

आता अर्धांगवायू. आधी एक तातडीची गोष्ट: तोंड वाकडं होणं, एक हात पडणं, बोलणं अडखळणं असं अचानक झालं, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. गाठीमुळे झालेल्या झटक्यात ती विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि आधी स्कॅन व्हावा लागतो. जितकं लवकर तितकं मेंदूचं नुकसान कमी.

त्यानंतरच्या आठवड्यांत आमचं काम सुरू होतं. झटक्यात बहुधा उतरणारे धागे किंवा मोटर पट्टीचा तुकडा मेलेला असतो. आजूबाजूचे आणि पुढचे नियोजनाचे भाग पुष्कळदा जिवंत असतात. १९९६ मध्ये रँडॉल्फ नुडो आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या मोटर पट्टीतल्या हाताच्या जागेला छोटी इजा करून पुढे काय होतं ते पाहिलं. ज्यांना त्या हाताने छोट्या खळग्यातून खाऊ काढायची तालीम दिली, त्यांची हाताची उरलेली जागा टिकली आणि काहींमध्ये कोपर-खांद्याच्या जागेत पसरलीही. तालीम नसलेल्यांमध्ये उरलेली जागाही आकसत जाते, हे याच गटाला आधी दिसलं होतं. न वापरलेला हात मेंदूतली जमीनही गमावतो.

मागे जतकडचे एक आबा आले होते. उजवा हात पडलेला. ‘हात वर करा’ म्हटलं की सगळं अंग डावीकडे कलायचं, खांदा कानापर्यंत चढायचा आणि हात मांडीवरच.

“न्हाई ओ बाई. ह्यो हात आता माझा ऱ्हायलाच न्हाई.”

मी त्यांची गांधी टोपी त्यांच्या समोर टेबलावर ठेवली. सून म्हणाली, “मामा, टोपी घाला बघू. असं बोडक्यानं बसतात व्हय?” ते सवयीने पुढे झुकले, आणि उजवा हात मांडीवरून सुटून टेबलाच्या कडेपर्यंत गेला. टोपी धरता आली नाही. पण खांदा कानाला लागला नाही, कोपर उघडलं आणि बोटं टोपीच्या रुंदीएवढी पसरायला बघत होती. ‘वर करा’ या सांगण्याला शेवट नव्हता. टोपीला होता, आणि आबांच्या मेंदूत तो सत्तर वर्षांचा गिरवलेला होता.

हे एकट्या आबांपुरतं नाही. खरी वस्तू समोर असताना रुग्णाची हालचाल नुसत्या हवेत हात नेण्यापेक्षा जास्त सरळ आणि सफाईदार होते, हे मोजून पाहिलेलं आहे. तेलाने चोळणं वाईट नाही, कातडीला आणि मनाला बरं वाटतं. पण त्यात योजना आखायचं काम रुग्णाच्या मेंदूला नसतं. मनगट आणि बोटं थोडी तरी उघडू शकणाऱ्यांसाठी आणखी एक पद्धत आहे: चांगल्या हातात जाड मोजा घालून तो दोन आठवडे बराचसा वेळ बाजूला ठेवायचा आणि कमजोर हाताकडून खूप काम घ्यायचं. एडवर्ड टाउब यांच्या कामातून ती निघाली, आणि अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेल्यांना तिचा फायदा दिसला. पण चालताना तोल जाणाऱ्या माणसाचा चांगला हात बांधणं धोक्याचं आहे, म्हणून ही पद्धत थेरपिस्टच्या देखरेखीखालीच करावी.

घरी काय द्यायचं? ज्याला शेवट आहे असं काहीही. भुईमुगाच्या शेंगा एका सुपातून दुसऱ्यात टाकणं. चपातीवर तेल पसरणं. दाराची कडी. शर्टाचं खालचं मोठं बटण. शेतकऱ्याला शेतकऱ्याचं काम द्या, शिवणकाम करणाऱ्या बाईला कापडाचं. हात अजिबात उचलत नसेल तर चांगल्या हाताने धरून नेऊ द्या, पण नेण्याआधी दोन क्षण थांबून ‘आता तिथपर्यंत जायचं’ असं त्यांना मनात करू द्या. लगेच जमलं नाही म्हणून आपण झटकन करून देऊ नका. ती थांबलेली वेळ त्यांच्या मेंदूच्या कामाची आहे. एकच काम रोज तसंच्या तसं न देता जागा, उंची, वस्तू थोडी बदलत राहा. आणि उठवताना पडलेल्या हाताला धरून कधीही ओढू नका. खांद्याचे स्नायू ढिले असतात, सांधा निसटतो, आणि मग महिनोन्‌महिने दुखण्यामुळे हात पुढे करणंच बंद होतं.

चमचा धरता येत नसेल तर त्याच्या दांड्याला सुती कापड गुंडाळून वरून रबर बँड लावा. अंगठ्याएवढी जाडी झाली की बऱ्याच जणांच्या मुठीत तो बसतो. पहिले काही दिवस पातळ आमटी नको. घट्ट वरण-भात किंवा शिरा द्या, म्हणजे चमचा तिरपा झाला तरी घास तोंडापर्यंत पोचतो.